३.७३ची साथ

जुन्या पिकअपचं क्राउन-पिनियन काढा, ३.७३ बसवा, ॲव्हरेज वाढेल आणि गाडी पळेल, असा सल्ला देणाऱ्याने भरलेली गाडी कधी खिंडीत चढवलेली नसते, असं माझं पक्कं मत झालंय. डोलवीत राहून असं मत न होणं अवघडच आहे. इथे दर चौथ्या घरासमोर काही ना काही माल वाहणारं उभं असतं: कुणाचा टेम्पो, कुणाचा डंपर, कुणाची पंधरा-अठरा वर्षांची पिकअप. पूर्वीची इस्पात आणि २०१०च्या अखेरीपासून जेएसडब्ल्यूकडे गेलेली पोलादाची कंपनी गावाला लागून आहे, धरमतरच्या खाडीवर जेटी आहे, समोरून मुंबई-गोवा महामार्ग जातो. या तिन्हींच्या आजूबाजूला जे किरकोळ भाडं सुटतं, त्यावर जुन्या पिकअप जगतात. नवीन गाडीचा हप्ता झेपत नाही म्हणून पोरं जुनी घेतात. घेतली की पहिल्या महिन्यात मोबाइलवर कुणीतरी सांगतं की, हिच्यात 'फाइव्ह स्पीड' टाक, किंवा 'मागचं हाउसिंग बदल'. आणि भांडवलातले उरलेसुरले पैसे तिकडे जातात.

मला या सल्ल्याशी भांडायचंय. भांडण आकड्यांनी करणार आहे, कारण समोरचा पक्षही आकडे दाखवूनच फसवतो. गणित सातवीतलं आहे, घाबरू नका.

हाउसिंगमध्ये दोन दातेरी चाकं असतात. इंजिनकडून येणाऱ्या जॉइंटच्या टोकाला छोटं पिनियन आणि त्याला चावणारं मोठं क्राउन. क्राउनचे दात भागिले पिनियनचे दात, हा तो आकडा. ३९ आणि ८ दात असतील तर ४.८८. ४३ आणि ८ असतील तर ५.३८. ४१ आणि ११ असतील तर ३.७३. ४.८८ म्हणजे जॉइंट जवळजवळ पाच वेळा फिरतो तेव्हा चाक एकदा फिरतं. आकडा मोठा तेवढा जोर जास्त, आकडा लहान तेवढी धाव जास्त. सायकलचे गिअर ज्याने वापरलेत त्याला हे पायांनी कळलेलं असतं. गंमत अशी की गॅरेजमध्ये आणि व्हिडिओत दोन्हीकडे 'हाय' आणि 'लो' हे शब्द उलटसुलट वापरले जातात, त्यामुळे निम्मी पोरं नेमकं काय विकत घेतोय हे न कळताच पैसे देतात. म्हणून दुकानदाराला हाय-लो विचारू नका, दात विचारा.

आता चाक. ७.००-१५चा टायर एका फेऱ्यात साधारण २.३ मीटर जातो. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला बरोबर एक किलोमीटर, म्हणजे चाकाचे ४३५ फेरे. चार गिअरच्या पेटीत चौथा गिअर सरळ असतो, इंजिन फिरेल तेवढाच जॉइंट फिरतो. म्हणजे ४.८८च्या गाडीचं इंजिन साठच्या वेगाला मिनिटाला २१२०च्या आसपास फिरतं, ३.७३चं १६२०. पाचशे फेरे वाचले! व्हिडिओ इथेच संपतो. खाली कुणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकतं.

न दाखवलेला भाग असा. ३.७३ला ४.८८ने भागा: ०.७६. प्रत्येक गिअरमध्ये, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत आणि रिव्हर्समध्येसुद्धा, चाकावर येणारा जोर जवळपास चौथ्या हिश्शाने कमी झाला. कुठलाही चढ पूर्वीच्याच गिअरमध्ये चढायचा तर इंजिनला पूर्वीपेक्षा ३० टक्के जास्त जोर लावावा लागेल. आता हे जुनं इंजिन कुठलं? आमच्या घरच्या महिंद्रात एमडीआय आहे, साडेतीन इंच बोअर, चार इंच स्ट्रोक, २५२३ सीसी, ट्रॅक्टरच्या घराण्यातलं. भरवशाचं आहे, पण ३० टक्के जास्त जोर ते खिशातून काढून देणार नाही. त्यामुळे कार्ल्याच्या खिंडीत किंवा सुकेळीत भरलेली गाडी चौथ्यात दम सोडते आणि ड्रायव्हर तिसरा टाकतो. तिसरा साधारण दीडचा धरा. दीड गुणिले ३.७३ म्हणजे ५.६. म्हणजे ज्या चढावर पूर्वी चौथ्यात इंजिन २१२०ने फिरत होतं, तिथे त्याच वेगासाठी आता २४००च्या पुढे फिरतंय. वाचलेले पाचशे फेरे कुठे गेले?

'एक गिअर खाली घ्यायचा, त्यात काय' हे उत्तर मला अनेकदा मिळालंय. चौथ्याच्या खाली तिसरा आहे हे मान्य. पहिल्याच्या खाली काय आहे? भरलेली गाडी चढावर उभी राहिली, पुढे एसटी थांबली, आणि आता उठवायची आहे, तेव्हा पहिल्याच्या खाली फक्त क्लचप्लेट असते. तिला जाळत गाडी उठते. डिझेलची पावती रोज फाटते म्हणून तिचा हिशेब डायरीत जातो. क्लचप्लेट सहा महिन्यांनी जाते, तिचा दोष ड्रायव्हरच्या पायावर जातो. माझा खरा राग इथे आहे. ज्या गाड्या मालक स्वतः चालवत नाहीत, त्या गाड्यांचे गिअर मालक ठरवतात, आणि ठरवताना जो माणूस दिवसाचे बारा तास त्या सीटवर बसतो त्याला विचारतही नाहीत. 'तू चालवायचं काम कर' असं एका मालकाला मी माझ्या कानांनी बोलताना ऐकलंय. त्या ड्रायव्हरने पुढच्या पावसाळ्यापर्यंत दोन प्लेटी खाल्ल्या आणि शिव्याही.

पेण-हमरापूरच्या गणपतीचं भाडं घ्या. याहून चांगली परीक्षा नाही. मूर्ती जड नसते, पण नाजूक असते, आणि कारखान्याच्या गल्लीतून मुख्य रस्त्यापर्यंत गाडीबरोबर एक माणूस चालत असतो, खड्डा आला की हात वर करतो. ड्रायव्हरला गाडी त्या माणसाच्या चालीने न्यायची असते. चार गिअरच्या पेटीत पहिला गिअर साधारण चारचा धरा. इंजिन नुसतं आयडलवर, ७५० फेऱ्यांना. ४.८८वर गाडी ताशी सव्वापाच किलोमीटरने जाते, क्लच पूर्ण सोडलेला, पाय मोकळा. माणूस चालतो तेवढीच. ३.७३वर तीच गाडी आयडललाच सातच्या जवळ जाते. चालणाऱ्याला पळावं लागतं, नाहीतर ड्रायव्हरला अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवावी लागते, एक सोंड मोडली की दिवसाचं भाडं गेलं हे डोक्यात ठेवून. रिव्हर्सचंही तेच. खारेपाटात भाताच्या गोणी भरायला बांधावरून मागे मागे जायचं असतं, एका बाजूला खार पाणी, दुसऱ्या बाजूला चिखल. तिथे कुणाला धाव हवी असते?

उताराबद्दल तर बोलायलाच हवं, कारण तिथे प्रश्न पैशाचा राहत नाही. इंजिन जसं गाडी ओढतं तसंच ती रोखूनही धरतं. हाउसिंगचा आकडा लहान केला की त्याच गिअरमध्ये ही रोखही चौथ्या हिश्शाने कमी होते. उरलेलं काम ब्रेकवर येतं. जुन्या पिकअपचे मागचे ड्रम, त्यात हौद्यात पासिंगपेक्षा जास्त माल (आणि तो असतोच, उगाच सभ्यपणा नको). ड्रम तापले की पॅडल घट्ट लागतं पण गाडी थांबत नाही. वर आमच्याकडे उताराला 'न्यूट्रल मारायची' खोड आहे, डिझेल वाचतं म्हणून. कुणी कुणी तर इंजिनही बंद करतात. इंजिन बंद म्हणजे बूस्टरचा व्हॅक्यूम दोन-चार दाबांत संपला, मग पॅडलवर उभं राहिलात तरी पुरत नाही. ३.७३वाला आणि न्यूट्रल मारणारा या दोघांचा विचार एकाच मुशीतून निघालेला आहे: इंजिन फिरतंय म्हणजे पैसे जातायत. उतारावर गिअरमध्ये असलेलं इंजिन फिरतंय म्हणजे तुम्ही घरी जाताय.

'पण आता रस्ते सुधारले' हा दुसरा युक्तिवाद. पळस्पे ते इंदापूर चौपदरीकरण २०११ला सुरू झालं. ते काम चालू असताना शाळेत गेलेली पोरं आज पिकअप चालवतायत, यावर मी वेगळं काही बोलत नाही. समजा, सगळा रस्ता झाला. २०१८च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे मालवाहू गाडीची मर्यादा दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर ८० आहे आणि इतर रस्त्यांवर ६०. द्रुतगती मार्गावरसुद्धा ८०च. मग शंभरची तयारी कशासाठी? ८०ला ४.८८च्या गाडीचं इंजिन चौथ्यात २८३०ने फिरतं. आवाज होतो, मान्य. त्यातला निम्मा आवाज इंजिनचा नसून पत्र्याच्या केबिनचा असतो, हेही मान्य करा. पण रोज पनवेल-महाड करणाऱ्याला हे इंजिन तासन्‌तास २८००वर ठेवणं परवडत नाही, त्याची तक्रार खरी आहे. त्याच्यासाठी उत्तर आहे. ते हाउसिंगमध्ये नाही, पेटीत आहे.

पाच गिअरची पेटी, पाचवा ०.८च्या आसपास. हाउसिंग तेच, ४.८८. आता ८०च्या वेगाला इंजिन २२६० फेरे. आणि ३.७३ बसवलेली चार गिअरची गाडी त्याच वेगाला? २१६०. फरक फक्त शंभराचा! म्हणजे मोकळ्या रस्त्यावर ३.७३ जे देतं, ते जवळपास सगळं पाचवा गिअर देतो, आणि पहिला, दुसरा, रिव्हर्स यांना हातही लागत नाही. भरलेली गाडी चढावर पूर्वीसारखीच उठते. पाचवा रिकाम्या गाडीला आणि सपाटीला, मालाला चौथा. ज्याला हे पाळता येत नाही आणि भरल्या गाडीलाही पाचव्यातच रेटतो, धूर काळा आला तरी गिअर उतरवत नाही, त्याने चौथ्यावरच थांबावं, बेअरिंगं वाचतील.

पेटी बदलणं स्वस्त नाही, सोपंही नाही. लांबी वेगळी, म्हणून जॉइंट कापून पुन्हा बॅलन्स करावा लागतो. क्लचप्लेटचे खाचे जुळले पाहिजेत, माउंटिंग नवीन, फ्लोअरला भोक नवीन. शिवाय पेटी कुठल्या गाडीतली आहे ते बघा. प्रवासी गाडीची पेटी असेल तर तिचा पहिला गिअर साडेतीनच्या आसपासचा असू शकतो, मग एका हाताने कमावलं ते दुसऱ्या हाताने गेलं. मिस्त्री म्हणतो, 'फिट होते.' फिट कपाटही होतं. तिने किती जोर सोसायचा ठरलंय, पहिला किती, पाचवा किती, हे तीन प्रश्न विचारा. उत्तर मिळालं नाही तर पैसे खिशात ठेवा आणि आहे ती गाडी आहे तशी चालवा. काहीच न बदलणं हाही एक पर्याय आहे, फक्त त्याचा व्हिडिओ कुणी काढत नाही.

हाउसिंगचं कामही तिथे सांगतात तसं 'दोन तासांचं' नसतं. क्राउन आणि पिनियन जोडीनेच बदलतात. शिम टाकून पिनियनची खोली लावायची, दातांमधली ढील मोजायची, दातांना रंग लावून फिरवून ठसा कुठे उमटतो ते बघायचं, पुन्हा खोलायचं, पुन्हा शिम. हे डायल गेजशिवाय अंदाजाने करणारे पुष्कळ आहेत. मग गाडी पन्नासला गेली की मागून हुंकार येतो आणि मिस्त्री म्हणतो, 'नवीन आहे, बसेल.' बसत नाही, खात जातं. फोर-व्हील असेल तर पुढचं आणि मागचं दोन्ही हाउसिंग एकाच आकड्याचं हवं, नाहीतर फोर-व्हील टाकल्याबरोबर दोन एक्सल एकमेकांशी कुस्ती खेळतात.

दुसऱ्या बाजूच्या साथीबद्दलही दोन शब्द, म्हणजे मी फक्त गरिबांनाच बोलतो असं व्हायला नको. पुण्या-मुंबईची हौशी मंडळी आमच्याकडच्या जुन्या जीप आणि पिकअप शोधत येतात. त्यांना ५.३८ हवं असतं, कारण 'खरी जीप' तीच. मग त्यावर ३३ इंची टायर. हा टायर एका फेऱ्यात अडीच मीटरच्या वर जातो, जुना २.३ जायचा. भागाकार करा: ५.३८ गुणिले ०.९. म्हणजे ४.८४. एवढे पैसे घालून माणूस जिथून निघाला तिथेच आला, फक्त गाडी उंच झाली. यांच्या हौसेला माझी हरकत नाही. भंगारात धड ४.८८ची जोडी शोधणाऱ्या भाडेवाल्याला आता या मंडळींशी भावात लढावं लागतं, त्याला आहे.

५.३८चा इतिहास मात्र त्यांनी नीट वाचावा. युद्धातल्या विलीस जीपला ४.८८ होतं. १९४५मध्ये तीच गाडी शेतकऱ्याला विकायची ठरली, नांगर ओढायला, धान्य वाहायला, तेव्हा कंपनीने आकडा वाढवून ५.३८ केला, दहा टक्के जास्त जोर. पेटीही बदलली, टी-९० नावाची, तीन गिअरची, पहिला २.८चा. आपल्याकडे महिंद्राने १९४७पासून विलीसच्या जीप जोडायला घेतल्या, त्या याच घराण्यातल्या. म्हणजे ज्यांनी गाडी बनवली त्यांनी काम बदलल्यावर आकडा बदलला. काम आधी, आकडा नंतर. आमच्या नाक्यावरचा म्हातारा मिस्त्री शाळा न शिकता हेच विचारायचा: 'गारी भरून चालवाची हाय का रिकामी?' उत्तर मिळेपर्यंत पाना हातात घ्यायचा नाही. आता हा प्रश्न विचारणारे कमी झाले, कारण आकडा गिऱ्हाईकच मोबाइलवर घेऊन येतो.

'पण माझं ॲव्हरेज खरंच वाढलं' म्हणणारेही आहेत. त्यांना विचारा, कशावर मोजलं? या गाड्यांच्या मीटरची केबल पेटीतून निघते, चाकातून नाही. हाउसिंगचा आकडा बदलला की मीटर खोटं बोलायला लागतं. ३.७३ बसवल्यावर गाडी खरी ८०ने जात असते तेव्हा काटा ६१ दाखवतो. ड्रायव्हरला वाटतं आपण साठने चाललोय, आणि पुढे वडखळचा नाका येतो. उलट ज्याने ४.८८चं ५.३८ केलं त्याचं मीटर दहा टक्के जास्त किलोमीटर मोजतं, आणि तो आनंदाने सांगत फिरतो की जोरही वाढला आणि ॲव्हरेजही. खरं मोजायचं तर टाकी फुल करा, रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड मोजा, पुन्हा टाकी फुल करा. भरलेल्या गाडीचं वेगळं, रिकाम्याचं वेगळं. पंधरा दिवस. मला अजून एकही ३.७३वाला भेटला नाही ज्याने हे केलंय.

कायद्याचं कुणी विचारतं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चा अर्थ लावताना सांगितलं की, नोंदणीतले तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असे बदल गाडीत करता येणार नाहीत. आमच्या आरसीवर हाउसिंगचा आकडा लिहिलेलाच नाही. त्यामुळे नुसतं कागदावर बघणाऱ्याला गाडीच्या पोटात काय बदललंय ते कळणार नाही, आणि विकत घेणाऱ्यालाही नाही. एकाने ३.७३ टाकून वर्षभर हाल काढायचे, मग 'सिंगल ओनर, पिकअप एकदम ओके' लिहून दुसऱ्याच्या गळ्यात मारायची, हे मी दोन-तीनदा पाहिलंय. दर वेळी घेणारा वीस-बावीसचा पोरगा होता.

तर जुनी पिकअप घ्यायला जाल तेव्हा सोबत खडू न्या. पुढच्या चाकांना दगड लावा, गाडी न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. मागचं एकच चाक जॅकवर उचला, दुसरं जमिनीवर राहू द्या. वरच्या चाकावर एक खूण, जॉइंटवर एक खूण. आता चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवा. दोनच, कारण दुसरं चाक थांबलेलं असलं की डिफरन्शियल हिशेब निम्मा करतं. एकाने चाक फिरवायचं, दुसऱ्याने खाली वाकून जॉइंटचे फेरे मोजायचे. पाचला थोडं कमी पडलं तर ४.८८. पाच पूर्ण होऊन वर तिसऱ्या हिश्शाहून थोडं जास्त गेलं तर ५.३८. पावणेचारलाच थांबलं तर विकणाऱ्याला विचारा, जुनं क्राउन-पिनियन कुठे ठेवलंय, आणि ते मिळत असेल तर भावात धरूनच घ्या.